पोट लहान झालं, मग पथ्य का नाही सुटलं?

"पोट कापून घेतलंस मा, मगे आता पथ्य कित्याक?"

मालवणच्या मासळी बाजारात बांगडे निवडताना हा प्रश्न मला हमखास येतो. माझ्या खानावळीत जेवायला येणारे विचारतात, माहेरची माणसं फोनवर विचारतात. दिवसभर दुसऱ्यांना ताट भरून वाढणारी बाई स्वतः चहाच्या बशीत जेवते, तेव्हा कुणीही विचारणारच. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते.

माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन २०१८ साली झालं. वजन ११८ किलो, उंची पाच फूट एक इंच, आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन. शस्त्रक्रिया गॅस्ट्रिक बायपासची. त्यात पोट कापून टाकत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न तिथून जात नाही. दुसरा प्रकार स्लीव्हचा. त्यात जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग खरंच काढतात.

मला चकित केलं ते वजनाने नाही, साखरेने. वजनाचा काटा नीट हलायच्या आधी, दवाखान्यातच इन्सुलिन कमी करावं लागलं. खाणं कमी झालं हे त्याचं एक कारण. दुसरं असं की अन्न वेगळ्या वाटेने आणि लवकर खाली पोचतं, तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक जेवणानंतर कितीतरी जास्त सुटतं. ते साखर आवरतं आणि मेंदूला पुरे झाल्याचं सांगतं. माझी भूक इतकी वर्षं कुणी हावरेपणा म्हणत होतं, कुणी सुस्ती. ती शरीरातून उठणारी हाक होती, आणि ती हाकच बदलली. हे कळलं त्या रात्री मी रडले.

आणि मग जिवाणू. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. बायपासनंतर ही वस्ती बदलते. पिशवीत आम्ल कमी तयार होतं, पित्त अन्नाला उशिरा भेटतं, त्यामुळे खाली वेगळ्याच जाती फोफावतात. २०१३ मध्ये अमेरिकेत बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले, तर त्या उंदरांचं वजन ऑपरेशन न करताच घटलं. २०१५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी सुमारे नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या बायका तपासल्या. त्यांच्या आतड्यातला बदल तेव्हाही टिकून होता. उंदरांवरून माणसाबद्दल फार मोठं बोलू नये. पण एवढं मला पटलं की सर्जनने माझी वाट बदलली आणि त्या वाटेवर राहणारेही बदलले.

आता त्यांना खायला कोण घालणार? मीच. पथ्य सुटत नाही ते इथे.

आपल्याला न पचणारा चोथा आणि काही पिष्ट मोठ्या आतड्यात पोचतं. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याचा बुळबुळीत थरच खायला लागतात, असं उंदरांत दिसलंय. पण डॉक्टर सांगतात, आधी प्रथिनं, रोज ६० ग्रॅम तरी, नाहीतर स्नायू झडतील, केस गळतील. पिशवी एवढीशी. मासा खाल्ला की भरली. मग चोथा कुठे बसवायचा?

पहिलं वर्ष मी हे कोडं सोडवू शकले नाही. त्यात भाताने दगा दिला. कोकणातल्या बाईला भात चालत नाही म्हणजे काय, ते दुसरीकडच्या माणसाला सांगून कळणार नाही. मऊ भाताचा गोळा छातीशी अडकायचा, तोंडाला पाणी सुटायचं आणि बाहेर यायचा. पेज तेवढी उतरायची, पण पेजेत ना पुरेशी प्रथिनं ना चोथा.

उत्तर कुळथात सापडलं. कुळीथ हे एकच कडधान्य माझी दोन्ही कामं करतं, प्रथिनंही आणि जिवाणूंचा चाराही. सकाळी पातळ पिठी, लसणीची फोडणी आणि दोन आमसुलं घालून. दुपारी आधी बांगड्याचा तुकडा, मग दोन घास वालाचं बिरडं. संध्याकाळी नाचणीचं आंबील. पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू, पण देठ काढून, बारीक चिरून, मऊ शिजवून, कारण दोरेदार भाजी पिशवीच्या तोंडाशी अडकते. फणसाचा गरा याच भीतीने अजून दातांनी पार बारीक करून खाते. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने.

खूपजण सांगतात, आंबोळी खा, त्यात चांगले जिवाणू असतात. पिठात असतात, पण तापल्या तव्यावर ते मरतात. ताकात जिवंत राहतात. सोलकढी आंबवलेली नसतेच, ती मी चवीसाठी पिते आणि मनापासून पिते. महागड्या जिवाणूंच्या कॅप्सूल विचाराल तर माझं मत असं की आधी पोटात आहेत त्यांना चारा द्या.

गोडाबद्दल गणपतीत सगळे आग्रह करतात. पहिल्या वर्षी एक अख्खा मोदक खाल्ला. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात पीळ. साखर पिशवीतून झपकन आतड्यात उतरली की असं होतं, डम्पिंग म्हणतात त्याला. आता नैवेद्याचा मोदक बोटभर मोडून घेते. वहिनींनो, न घेतल्याचा राग धरू नका.

एक चूक सांगायलाच हवी. दुसऱ्या वर्षी मला बरं वाटत होतं म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या. कुणीतरी म्हणालं होतं, जिवाणू बी-१२ बनवतात की. काही बनवतात, पण मोठ्या आतड्यात, आणि ते शोषलं जातं त्याच्या वर, लहान आतड्याच्या शेवटी. म्हणजे वस्तू तयार होते ती दुकान मागे पडल्यावर. तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मासा साफ करताना बोटांना सुरी नीट कळेना. तेव्हापासून बी-१२ चं इंजेक्शन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दर वर्षी रक्ततपासणी, यात खाडा नाही. लोह शोषणारा आतड्याचा सुरुवातीचा भागच बायपास झालेला आहे, ते मी जेवणातून भरून काढू शकत नाही.

आज वजन ७४ आहे. सर्वात कमी ६९ झालं होतं, पाच किलो परत आलं. इन्सुलिन बंद आहे, साखरेची एक गोळी चालू आहे.

धाकट्या जावेचं आता ऑपरेशनचं चाललंय. गेल्या आठवड्यात रिपोर्टची पिशवी घेऊन आली आणि मला विचारायला लागली, "वहिनी, दुखतं का हो?" मी तिला कुळथाची पिठी वाढली, आणि उलट विचारलं, "गोळ्या जन्मभर घेशील?" ती बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना विचारते." मी म्हटलं, ह्यांना नको, स्वतःला विचार, आणि घाई करू नकोस. वाटी तिने संपवली.