गळाची नोंदवही : दोरा जाड का केला

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून बंदुकीची शिकार आपल्याकडे उरली नाही. परंतु सावजाला साजेसे हत्यार कोणते, हा जुन्या शिकाऱ्यांचा प्रश्न आम्हा गळ टाकणाऱ्यांपुढे तसाच उभा आहे.

गेल्या मोसमापर्यंत दोरा जितका बारीक तितके कसब मोठे, अशी माझी समजूत होती. मार्व्याच्या खाडीत चार किलो ताण सोसणाऱ्या तंगुसावर (नायलॉनच्या एकेरी दोऱ्यावर) जिताडा लागला, वीस मिनिटे खेळवला आणि अखेर त्याच्या कल्ल्याच्या झाकणाच्या धारदार कडेने दोरा कापला गेला. मासा गमावल्याची हळहळ दोन दिवसांत ओसरली. त्याच्या तोंडात माझी गरी, म्हणजे गळाचा आकडा, राहिली, हे मात्र ओसरले नाही.

यंदा विणलेला दोरा दहा किलो ताणाचा घेतला असून पुढे हातभर जाड तंगूस जोडले आहे. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, सोडून दिलेला मासाही त्यानंतर मरू शकतो आणि ठेवलेल्याचे मांस लवकर खराब होते. म्हणून आता तांबोशी लागताच ती खडकांत शिरण्याआधी ओढून घेतो. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला आहे. त्यामुळे दोन मासे निसटले, पण दोन्ही वेळा दोरा मीच सैल सोडला होता. गोलाकार गरी ओठाच्या कोपऱ्यात बसते, मात्र तिला हिसका देऊन चालत नाही, आणि माझा हात अजून हिसका देतोच.

मारण्याच्या पद्धतीत खरी प्रगती झाली. पूर्वी मासा बर्फात तडफडू देत असे. आता आधी डोक्यावर सोट्याचा एक जोरदार घाव, मग डोळ्याच्या किंचित मागे व वर टोच्या (अणकुचीदार सळई) घालून मेंदू निकामी करणे, लगेच कल्ले कापून रक्त काढणे आणि शेवटी बर्फ घातलेले समुद्राचे पाणी, असा क्रम ठेवतो. जपानी कोळी या टोचण्याला इकेजिमे म्हणतात. नेमकी जागा कळावी म्हणून ससून डॉकवरून आणलेली पाच-सहा डोकी घरी उभी चिरून पाहिली. (स्वयंपाकघरात त्यावरून झालेले बोलणे येथे नोंदवीत नाही.)

शिंगाळ्याच्या कवटीचे कवच मात्र टोच्याला दाद देत नाही, त्यामुळे तो मी तूर्त सोडूनच देतो.