पाच, पन्नास, पाचशे

लेकीच्या डाव्या बुटाला दर दोन महिन्यांनी भोक पडायचं. बाकी बूट नवाकोरा, फक्त अंगठ्यापाशी आतल्या बाजूला झिजलेला. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही, दोन्ही पाय ताठर. चालताना पावलं आत वळायची, गुडघ्यावर गुडघा घासून कातडी लाल व्हायची. आम्ही सहा वर्षं मालीश आणि पाय ताणायचे व्यायाम एक दिवस न चुकता केले. त्या सहा वर्षांत खुब्याचा एक्स-रे काढून घ्या, असं आम्हाला कोणीही सांगितलं नाही. त्याचा राग मला आजही येतो.

नव्या फिजिओ मॅडमनी तिला पालथं झोपवलं, गुडघे काटकोनात वाकवले आणि पावलं हळूच बाहेरच्या बाजूला नेली. ती पार टेबलापर्यंत गेली. उलट्या बाजूला मात्र जेमतेम हलली. "ताई, नुसते स्नायू आखडलेले नाहीत, मांडीचं हाडच पिळलेलं आहे. ताणून ते सरळ होणार नाही."

पुढचं हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं. जन्मतः प्रत्येक बाळाच्या मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी साधारण ४० अंशांचा पीळ असतो. मूल उभं राहतं, चालतं, तसा तो उलगडत मोठेपणी १५च्या आसपास येतो. आमच्या लेकीसारख्या मुलांचं उभं राहणंच लांबतं, स्नायूंची ओढ वेगळी असते, म्हणून पीळ तसाच राहतो. मेंदूची इजा वाढत नाही, पण वाढत्या वयात हाडं बिघडत जातात, हे मला त्या दिवशी कळलं. एक्स-रेत डावा खुबा वाटीतून थोडा बाहेर सरकलेला दिसला. तो तिला दुखत नव्हता, म्हणूनच आम्हाला पत्ता नव्हता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाच मीटर कशी जाते? शाळेत पन्नास? बाजारात पाचशे?" घरात भिंत धरून, शाळेत वॉकर, बाजारात व्हीलचेअर. आणि शाळेतली टॉयलेट? मी गप्प झाले. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. जायला लागू नये म्हणून पोरगी दिवसभर पाणी पीत नव्हती. ऑपरेशन कशासाठी करायचं, ते मला तिथे पक्कं समजलं. पाय सरळ दिसावेत म्हणून नाही.

नवव्या वर्षी एकाच भुलीत दोन्ही मांड्यांची हाडं कापून, फिरवून प्लेटा बसवल्या, गुडघ्यामागचे स्नायूही सैल केले. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. झोप लागली की पायांत गोळे यायचे आणि ती किंचाळून उठायची. बेडपॅन द्यायला दोघं लागत. सासूबाई रात्र रात्र तिच्या पावलांवर हात ठेवून बसल्या.

तीन महिन्यांनी तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं, व्हीलचेअर. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की आधी घसरण होईल आणि पूर्वीइतकी ताकद परत यायला वर्ष लागेल. तरी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ज्यांच्या मुलांचं हे ऑपरेशन ठरलंय त्यांना कळकळीने सांगते, नंतरच्या फिजिओथेरपीची सोय आधी लावा, तारीख मग घ्या. आम्ही आठवड्यातून चार दिवस जात होतो. उठ-बस, एकेक पायरी, पुन्हा उठ-बस.

आता चौदा महिने झाले. घरात ती काही न धरता चालते, शाळेत दोन काठ्या, पाचशेला व्हीलचेअरच. पावलं अजून किंचित आत जातात. गेल्या सोमवारी दप्तर उघडलं तर बाटली रिकामी. सांडली का, म्हणून मी वह्या चाचपल्या. कोरड्या होत्या.

"प्यायले," ती म्हणाली. "आणि जाऊन आले. मावशींना फक्त दार धरायला सांगितलं."

प्लेटा मे महिन्याच्या सुट्टीत काढायच्या आहेत. खुब्याचा पुढचा एक्स-रेही तेव्हाच.