मुळासकट घालवण्याचा नाद सोडल्यानंतर

२००६ साली नणंदेच्या लग्नात कासारणीने माझ्या हातात हिरवा चुडा भरला. बांगड्या मापाला घट्ट होत्या, हात दाबून त्या चढवताना मनगटावर ओरखडे उठले आणि साधारण दोन आठवड्यांनी नेमक्या त्या ओरखड्यांच्या रेषेवर तांबूस चट्टे आले, ज्यांवर पांढुरके पापुद्रे धरत होते. कोपरांवरचे तसेच दोन चट्टे मी तोवर कोरडी त्वचा म्हणून सोडून दिले होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मनगट पाहून पहिला प्रश्न विचारला, "इथे काही घासले होते का?" सोरायसिस असलेल्या माणसाच्या कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो आणि याला कोबनर परिणाम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच चुकीची चिथावणी मिळते आणि तेच काम तीन-चार दिवसांत उरकले जाते, त्यामुळे अर्धवट पिकलेल्या पेशींचे थरावर थर साचतात. सकाळी अंथरूण झटकताना चादरीवर दिसतो तो कोंडा म्हणजे हेच थर. तो कुणाच्या अंगाला लागला तरी त्याला हा आजार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली सोरायसिसवर जो ठराव केला, त्यातही हा रोग संसर्गजन्य नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. तरीही हळदीकुंकवाला माझ्या हातून वाण घेताना एका बाईंनी पदर पुढे केला आणि बोटांचा स्पर्श टाळला, ते मी अजून विसरलेले नाही.

पण माझे सर्वांत मोठे नुकसान लोकांनी केले नाही. ते "मुळासकट बरा करतो" या तीन शब्दांनी केले. मलमांना कंटाळून मी एका औषधवाल्याकडून कागदी पुड्या आणल्या. त्यांवर ना नाव होते ना घटकांची यादी. महिनाभरात अंग इतके स्वच्छ झाले की सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. चार महिन्यांनी, आता बरी झाले असे समजून, मी पुड्या एकदम थांबवल्या आणि तिसऱ्या आठवड्यात डोक्यापासून पायांपर्यंत लाल झाले. अंगातून वाफा निघत होत्या आणि त्याच वेळी थंडीने दात वाजत होते. नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. पुडीत स्टिरॉइड असावे, असा डॉक्टरांचा कयास होता. पोटातून घेतलेले स्टिरॉइड अचानक बंद केले की सोरायसिस असा उसळून संपूर्ण त्वचा व्यापू शकतो आणि तेव्हा तो जिवावरही बेतू शकतो. औषधाच्या दुकानातून गजकर्णासाठी म्हणून चिठ्ठीविना मिळणाऱ्या मलमांतही बरेचदा तीव्र स्टिरॉइड असते, हे मी भेटेल त्याला सांगते.

त्यानंतर मी "कधी जाईल" हे विचारणे सोडले. अंघोळीला कोमट पाणी घेते, अंग रगडत नाही, पंच्याने टिपून ओलसरपणा असतानाच खोबरेल किंवा साधे पेट्रोलियम जेली लावते, कारण मग पाणी कातडीतच राहते. हिवाळ्यात हे दिवसातून दोनदा. मध्यंतरी किरणोपचार घेतले. आठवड्यातून तीनदा, डोळ्यांवर गडद चष्मा लावून, ३११ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्यांच्या कपाटात उभे राहायचे. सुरुवात काही सेकंदांपासून असते आणि वेळ हळूहळू वाढवतात. त्याने चट्टे चांगले विरले, मात्र प्रत्येक खेपेला जिल्ह्याच्या गावी जाण्यात अर्धा दिवस मोडत असे.

सध्या मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर प्राणावर बेतते, म्हणून मी दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारी "मे" लिहून गोळी घेतली की त्यावर काट मारते. फॉलिक ॲसिडच्या गोळीचा दिवस वेगळा ठेवला आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी करायची, आणि ती टाळायची नाही. गर्भाला हे औषध घातक असल्याने, ज्या मुलींना मूल हवे आहे त्यांनी ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे होते, सकाळी बोटे आखडत आणि टाच दुखे, पण हे मी त्वचेच्या डॉक्टरांना कधी सांगितलेच नाही, कारण सांध्यांचा त्वचेशी संबंध असेल असे मनातही आले नव्हते. तो सोरायसिसचा संधिवात निघाला. उपचाराला उशीर झाला तर सांध्याची झालेली झीज भरून येत नाही. माझ्या उजव्या करंगळीचे टोक आता वाकडेच राहणार आहे.

येत्या मार्गशीर्षात पुतणीचे लग्न आहे. कासारणीला मी आधीच भेटून सांगितले आहे की मनगटाला तेल लावून, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या बांगड्या भरायच्या आणि अडल्या तर दाबायच्या नाहीत. तिने कारण विचारले, तेव्हा बाही वर करून कोपर दाखवले. तिने हात लावून पाहिले आणि म्हणाली, "माझ्या थोरल्या जावेला पण असंच आहे, ताई. तिला तुमच्याकडे पाठवू का?"