बारा इंचांची मोकळीक

टेबलावरच्या दिव्याखाली बारा इंची तबकडी तिरपी धरली की सुई टेकवण्याआधीच तिच्यावरचे गाणे डोळ्यांना दिसू लागते. जिथे गायक, व्हायोलिनचा ताफा आणि ट्रम्पेट असे सारे एकदम वाजतात तिथल्या खाचा करड्या आणि खरखरीत दिसतात. जिथे सगळे थांबून केवळ ताल उरतो तिथे गडद, गुळगुळीत असा पट्टा उमटलेला असतो. न्यूयॉर्कच्या क्लबांतले डीजे मंद उजेडात हा पट्टा हेरत आणि नेमक्या त्या जागी सुई ठेवत, कारण नाचणारे ज्याची वाट पाहत असत तो भाग तिथेच असे. माझ्या हातातली तबकडी 'डबल एक्स्पोजर' या फिलाडेल्फियाच्या गायकसंचाच्या 'टेन पर्सेंट' या गाण्याची आहे. अनेक वर्षे अमेरिकेत राहिलेल्या माझ्या मावसभावाने परत येताना ती माझ्यासाठी आणली, आणि त्या दिवसापासून नाचाच्या संगीताकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. 'सालसोल' कंपनीने हे गाणे १९७६ मध्ये बाजारात आणले. बारा इंची आकारात सर्वसामान्य ग्राहकाला दुकानात विकत मिळालेले हे पहिले एकल गाणे, म्हणजे अल्बमपासून सुटे विकले जाणारे 'सिंगल', मानले जाते. वॉल्टर गिबन्स या तरुण डीजेने मूळचे छोटे गाणे कापून, जोडून, तालाचे भाग पुन्हा पुन्हा वापरून जवळपास दहा मिनिटांचे केले.

रेडिओच्या गाण्याला साधारण तीन मिनिटांचे माप कुठून आले हे आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तेवढाच वेळ मावत असे, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही आपला राग त्याच मापात बसवावा लागला. पुढे जास्त वेळ वाजणारी एलपी तबकडी आली तेव्हा ख्यालाला आलापासाठी जागा मिळाली. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांचे मात्र तसे झाले नाही. ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी रेडिओला सोयीची होती, जाहिरातींच्या मध्ये बसणारी होती, आणि म्हणून एलपीच्या काळातही एकल गाणे तीन-साडेतीन मिनिटांचेच राहिले.

नाचणाऱ्याचे गणित अगदी वेगळे असते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर तीन मिनिटांत ३६० ठोके होतात. अंगात लय भिनायला, घाम फुटायला, भोवतीच्या अनोळखी माणसांशी पावले जुळायला एवढे ठोके पुरत नाहीत. कीर्तनात गजर चढत जातो तेव्हा त्याला कोणी घड्याळ लावत नाही. ही गरज तशीच आहे असे मला वाटते. पुढे नाचासाठी गाण्यांच्या लांबवलेल्या आवृत्त्या घडवणाऱ्या टॉम मोल्टन यांना ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर दिसली. नाचाला रंग चढू लागला की गाणे संपत असे, पुढचे गाणे वेगळ्या लयीत सुरू होई आणि लोक गोंधळून बाजूला होत. मोल्टन यांनी घरी बसून ध्वनिफितीचे तुकडे जोडत पंचेचाळीस मिनिटांची एक अखंड फीत तयार केली, आणि त्यासाठी आपल्याला ऐंशी तास लागले असे ते सांगतात. त्या कामात केवढी चिकाटी लागली असेल याची कल्पना संगणकावर गाणी जोडणाऱ्या आजच्या मुलांना येणार नाही.

बारा इंची तबकडीचा जन्म मात्र एका अडचणीतून झाला. मोल्टन यांनी अनेकदा सांगितलेली हकिकत अशी की, एका गाण्याची नमुना तबकडी कापायची होती आणि सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. तंत्रज्ञ होझे रॉड्रिगेझ यांनी दहा इंची चकती घेतली. एवढ्या मोठ्या चकतीवर छोटेसे गाणे काठाशी दाटीने कापलेले विचित्र दिसेल, म्हणून खाचा दूर दूर पसरल्या आणि त्यामुळे आवाजाची पातळीही वाढवता आली. ऐकल्यावर दोघेही चकित झाले. पुढच्या वेळी त्यांनी थेट बारा इंची चकती वापरली.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खर्जाचा स्वर खाचेला आडवा, रुंद हेलकावा देतो. गाणे लांबवायचे तर खाचा जवळ आणाव्या लागतात, आणि मग त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून खर्ज आणि एकूण आवाज दोन्ही कमी करावे लागतात. सात इंची तबकडीवर लांब गाणे मिळमिळीत वाजते ते यामुळेच. बारा इंचांवर ही ओढाताण उरत नाही. शिवाय त्याच ४५ फेऱ्यांवर बारा इंची तबकडीच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर खाच सरकते, तर सात इंची तबकडीच्या काठाशी सुमारे ४० सेंटिमीटर. तेवढ्याच वेळासाठी अधिक लांबीची वाट मिळाल्यामुळे झांजेचा बारीक नाद स्वच्छ येतो आणि खालचा ठोका छातीत बसतो. अर्ल यंग यांच्यासारख्या फिलाडेल्फियाच्या ड्रमवादकाने प्रत्येक मात्रेवर ठेवलेला तो ठोका आणि मधल्या अर्ध्या मात्रेवर उघडणारी हाय-हॅटची झांज, या दोहोंना ही तबकडी जणू बेतून शिवल्यासारखी बसली.

क्लबांची ताकद कंपन्यांच्या लक्षात यायला १९७४ साल उजाडावे लागले. 'ह्यूज कॉर्पोरेशन'चे 'रॉक द बोट' रेडिओने आरंभी फारसे मनावर घेतले नव्हते. ते नाचघरांतून गाजत गाजत वर आले आणि त्या जुलैत अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला 'बिलबोर्ड' साप्ताहिकात मोल्टन यांचे सदर सुरू झाले आणि न्यूयॉर्कच्या क्लबांतल्या पहिल्या दहा गाण्यांची यादी छापून येऊ लागली. पहिल्या यादीच्या माथ्यावर ग्लोरिया गेनर यांचे 'नेव्हर कॅन से गुडबाय' होते. ही यादी डीजेंच्या सांगण्यावरून होई, म्हणजे कोणत्या गाण्याला लोक उठून नाचायला येतात हे समोर उभे राहून पाहणाऱ्या माणसांच्या सांगण्यावरून, आणि म्हणूनच मला ती विक्रीच्या आकड्यांहून मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे डीजे डेव्हिड मॅन्कूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीजेंचा 'रेकॉर्ड पूल' उभा केला. कंपन्यांनी नव्या तबकड्या एका जागी द्यायच्या, डीजेंनी त्या विनामूल्य न्यायच्या आणि नाचणाऱ्यांचा प्रतिसाद कळवायचा, अशी ही साधी व्यवस्था होती.

रेडिओ आणि क्लब यांतली ओढाताण पुढेही राहिली. 'बी. टी. एक्स्प्रेस'च्या 'डू इट' या गाण्याची मोल्टन यांनी वाढवलेली आवृत्ती खुद्द वादकांना आधी पसंत नव्हती. ते गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. डोना समर यांचे 'आय फील लव्ह' १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मूळ अल्बमवर ते जवळपास सहा मिनिटांचे आहे. महाविद्यालयात असताना मी ते प्रथम एका एफएम केंद्रावर ऐकले आणि पुढे कित्येक वर्षे तेवढेच गाणे समजत होतो. मधला भाग, जिथे गायिका थांबते आणि यंत्राचा खर्ज एकदा डाव्या, एकदा उजव्या कानात झुलत राहतो, तो तिथे कापलेला होता. अखंड गाणे मिळाले त्या रात्री मी ते सलग चार वेळा ऐकले, आणि आपल्यापासून काय काढून घेतले गेले होते या विचाराने मनापासून हळहळलो.

शिकागोत १९८१ पासून 'डब्ल्यूबीएमएक्स' या केंद्रावर 'हॉट मिक्स फाइव्ह' हे पाच डीजे गाण्यात गाणे मिसळून प्रसारण करू लागले, तेव्हा रेडिओने प्रथमच एवढ्या मोकळेपणाने क्लबची रीत उचलली. ज्या वयात क्लबच्या दारातून आत घेत नाहीत त्या वयाची मुले ते कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेत आणि मित्रांत फिरवत. त्याच शहरातल्या स्टीव्ह 'सिल्क' हर्ली यांचे 'जॅक युअर बॉडी' १९८७ च्या जानेवारीत ब्रिटनच्या यादीत पहिले आले. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. ठोका आणि खर्ज यांच्यावरच ते उभे आहे, आणि तबकडीवर पाहिले तर माझ्या 'टेन पर्सेंट'वरचा तो गडद पट्टाच पसरून अख्खे गाणे झाला आहे असे वाटते.