घरचे दिसणारे गोड

आमच्या सोसायटीत दरवर्षी ३१ डिसेंबरला गच्चीवर एकत्र जेवण होते आणि त्यासाठी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच व्हॉट्सॲपच्या गटावर एक यादी फिरू लागते. घराचा क्रमांक आणि त्यापुढे पदार्थ, एवढेच तिचे स्वरूप असते. पुलाव, मटकीची उसळ, कोशिंबीर, पापड या सोयीच्या जागा पहिल्या तासाभरात भरतात आणि संध्याकाळी ऑफिसमधून सुटल्यावर मी यादी उघडते तेव्हा माझ्यासाठी नेमके ‘गोड’ उरलेले असते. त्या शब्दापुढे कोणी लिहीत नाही, परंतु तेथे एक अट असतेच : गोड घरचे असावे. निदान घरचे दिसावे.

या ‘असावे’ आणि ‘दिसावे’ यांच्यामधल्या फटीत मी गेली सात-आठ वर्षे काढली आहेत.

पहिल्या वर्षी मी सरळसरळ लबाडी केली. तयार श्रीखंडाचे दोन डबे आणून ते सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यात काढले, वर चारोळ्या पसरल्या आणि केशराच्या चार काड्या अशा टाकल्या की त्या सहज पडल्यासारख्या वाटाव्यात. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे आणि या डब्यावर सासूबाईंच्या नावाखाली १९७९ सालची तारीखही कोरलेली आहे. अशा डब्यातून आलेला पदार्थ दुकानातला असेल, असा संशय घेणे म्हणजे जवळजवळ घराण्यावर संशय घेण्यासारखेच. तळमजल्यावरच्या मावशींनी तो घेतला. चमचाभर श्रीखंड त्यांनी जिभेवर घोळवले, क्षणभर थांबल्या आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “गुठळी एकसुद्धा नाही. कुठल्या डेअरीचं गं?”

मी डेअरीचे नाव सांगून टाकले. त्याहून जास्त लाज मला या गोष्टीची वाटली की चव उत्तम असूनही माझा पदार्थ पकडला गेला तो त्याच्या निर्दोषपणामुळे. आपण ज्याला कौतुकाने घरचे म्हणतो, त्याची ओळख बहुतेक वेळा एखाद्या लहानशा चुकीवरून पटते. कुठे वेलदोड्याचे साल दाताखाली येते, कुठे जायफळ एका कोपऱ्यात जास्त पडलेले असते, कुठे साखर अजून पुरती विरघळलेली नसते. दुकानातल्या गोडाला असे कोपरे नसतात. पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत ते एकाच सुरात असते.

दुसऱ्या वर्षी मी श्रीखंडच नेले, मात्र या वेळी चक्का विकत आणला आणि पुढचे सगळे घरी केले. अर्धा किलो चक्क्याला चारशे ग्रॅम साखर, चमचाभर कोमट दुधात भिजवलेले केशर, वेलदोड्याची पूड आणि किसणीवर तीन-चारदा फिरवलेले जायफळ, एवढा हा व्याप आहे. साखर कालवून चक्का तासभर झाकून ठेवावा, म्हणजे साखरेला पाणी सुटते आणि मिश्रण सैलावते; मग ते पुरणयंत्रातून काढावे. पुरणयंत्र काढण्याचा कंटाळा असेल तर पिठाची बारीक चाळणी आणि वाटीचा तळ यांवरही भागते, फक्त मनगट दुखते. हाताला प्रत्यक्ष काम पडते ते जेमतेम वीस मिनिटांचे. मावशींनी चव पाहिली आणि “हं” एवढेच म्हणाल्या. त्यांच्या कोशात ‘हं’ हा प्रशंसेचा शब्द आहे.

तेव्हापासून मी घरच्या गोडाचा एक सोयीस्कर सिद्धांत मांडला आहे : पदार्थात आपल्या हाताचे एक तरी काम खरे असावे, उरलेले खुशाल विकतचे असू द्यावे. चक्का घरी बांधला नाही म्हणून श्रीखंड परके होत नाही. माझी आजी रात्रभर खुंटीला दह्याचे गाठोडे टांगायची, हे मान्य. परंतु तिच्याही दारी दूध गवळ्याकडूनच यायचे. अमेरिकेत १९३०च्या दशकात पिट्सबर्गच्या एका कंपनीने केकचे तयार पीठ बाजारात आणले, त्यात सुरुवातीला अंड्याची भुकटीही घातलेली होती. पुढे त्याच कंपनीने पेटंट घेतले ते भुकटी वगळून, ताजे अंडे बाईनेच फोडून घालावे अशा पिठाचे. कारण बायकांना तसे करणे अधिक आवडते, असे तिच्या ध्यानात आले होते. अंडे फोडण्याइतक्या कामाने केक आपला वाटतो, हे मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. जायफळ किसण्याने मला श्रीखंड तितकेच आपले वाटते.

या सिद्धांताला एक गमतीदार अपवाद आहे तो फ्रूट सॅलडचा. कस्टर्ड पावडर पुड्यातली, साखर पुड्यातली, दूध पिशवीतले; तरीही हे घरी केले का, असे आजवर मला कोणी विचारलेले नाही. दुकानात ते तयार मिळत नसल्यामुळे त्याच्यावर संशयच येत नाही. ही पावडर १८३७ साली बर्मिंगहॅममधील आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीसाठी तयार केली. तिला अंडी सोसत नव्हती, म्हणून अंड्याशिवाय घट्ट होणारे कस्टर्ड त्याने मक्याच्या पिठापासून साधले. त्या गृहस्थाच्या संसारातली अडचण आमच्या शाकाहारी पंगतींच्या अशी पथ्यावर पडली आणि आता पुण्याच्याच विकफिल्डचा पुडा आमच्या फडताळात बाराही महिने असतो. फळे मात्र विचार करून घालावीत. सफरचंद, द्राक्षे, चिकू आणि डाळिंबाचे दाणे निमूटपणे राहतात, केळे आयत्या वेळी चिरावे लागते आणि ताज्या अननसाला तर दुधाच्या आसपासही फिरकू देऊ नये. त्यातील पाचकद्रव्य दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि तासाभरात सगळे पातेले कडवट होते. डब्यातला अननस उष्णतेतून गेलेला असल्यामुळे तो चालतो. हे ज्ञान मला एका वाढदिवसाला चार लिटर दूध ओतून द्यावे लागल्यानंतर प्राप्त झाले.

पुड्यातल्या गुलाबजामांबद्दल माझे मत चांगले नाही. ते सोपे म्हणून सांगितले जातात आणि मग माणसाला तासभर कढईशेजारी उभे करतात. बिस्किटांचा चुरा, कोको आणि दूध मळून, आत खोबरे व लोणी भरून केलेला रोल मुलांना आवडतो आणि त्याच्या चकत्या दिसतातही देखण्या. मोठी माणसे तो कौतुकाने घेतात आणि ताटलीच्या कडेला ठेवतात.

आणखी एका बाबतीत मी आता कडक झाले आहे. ज्या गोडाला स्वतःचे नाव आणि गाव आहे, ते आपल्या डब्यात काढू नये. कॅम्पातल्या कयानी बेकरीत रांगेत उभे राहून आणलेला मावा केक स्टीलच्या डब्यात घालून नेणे हा डब्याचाही अपमान आहे आणि केकचाही. तो त्याच्या खोक्यातूनच न्यावा. रांगेत उभे राहणे हेही हाताचे नसले तरी पायाचे काम आहेच.

माझी बहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे दिवाळी जवळच्या शनिवारी साजरी होते आणि प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा असतो. ग्रीक योगर्ट फडक्यात बांधून तिचे श्रीखंड होते, आंब्याचा रस डब्यातून येतो, आणि तिच्या मैत्रिणी बिस्क्विक नावाच्या पॅनकेकच्या तयार पिठात दुधाची भुकटी मिसळून गुलाबजाम करतात. तेथे घरचे की दुकानातले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळे ॲल्युमिनियमच्या पातळ ट्रेमधून येते आणि ट्रेवर कोणाचे नाव नसते. मला ती म्हणाली, “ताई, इथे ट्रे परत करायचा नसतो, तेवढं बरं आहे.” ती हे बरे वाटून म्हणाली की वाईट वाटून, ते फोनवर कळले नाही.

मागच्या डिसेंबरात मी नारळाच्या वड्या केल्या. दोन वाट्या खवलेला ओला नारळ आणि अर्धा डबा कन्डेन्स्ड मिल्क मंद आचेवर ढवळत राहायचे आणि मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की तूप लावलेल्या ताटात थापायचे. वड्या पांढऱ्याशुभ्र हव्या असतील तर खवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग तेवढा टाळावा. वड्या गरम असतानाच कापाव्यात, आणि कापताना माझ्या लक्षात आले की घरच्या वडीची खरी खूण गुठळीत नाही आणि जायफळातही नाही. ती ताटाच्या आकारात आहे. दुकानात वड्या चौकोनी ट्रेमध्ये थापतात, त्यामुळे शेवटची वडीही पहिलीसारखीच निघते. घरात ताट गोल असते. तिरक्या सुरीने कितीही नेटके शंकरपाळे पाडले तरी काठाशी वाकड्या, तीन कोनांच्या, एका बाजूने गोल असलेल्या तुकड्यांची एक रांग उरतेच. हे कडेचे तुकडे पाहुण्यांना कोणी देत नाही. ते वाटीत जमा होतात आणि ओट्याशी घुटमळणाऱ्या मुलांच्या तोंडात जातात. माझे तर अर्धे बालपण अशा तुकड्यांवर पोसलेले आहे. त्या दिवशी मी ते वगळले नाहीत. चांगल्या वड्या खाली लावल्या आणि कडेचे तुकडे मुद्दाम वर ठेवले.

गच्चीवर थंडी होती. मावशी शालीत गुरफटून खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. मी डबा पुढे केला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तो नीट पाहून एक तिकोनी तुकडा उचलला, खाल्ला, आणखी एक उचलला आणि विचारले, “नारळ कितीचा मिळाला?” मग म्हणाल्या, “नातवाला खाली नेते थोड्या,” आणि उरलेल्या वड्यांसकट डबाच मांडीवर घेऊन बसल्या.

डबा चौथ्या दिवशी परत आला. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. संक्रांतीला अजून दहा दिवस होते, तरी त्यांनी तिळाच्या वड्या घातल्या होत्या. “घरच्याच आहेत हो,” दारातूनच त्या म्हणाल्या आणि पट्ट्याचा हात पदराआड घेतला. त्या गेल्यावर मी झाकण उघडले. वड्या चौकोनी होत्या, सगळ्या एका जाडीच्या, एका मापाच्या, आणि त्यांत कडेचा तुकडा एकही नव्हता. वर थोडे खोबरे भुरभुरलेले होते. ते मात्र एका बाजूला जास्त पडले होते.