कामिन्स्कीचा डीएनएस बग अजून पूर्ण संपलेला नाहीये

डॅन कामिन्स्की या सुरक्षा संशोधकाने 2008 मध्ये शोधलेला डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, शोधून देणाऱ्या यंत्रणेचा) बग परत एकदा नीट वाचून काढला, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं झाली तरी अंगावर काटा येतो.

आपण ब्राउझरमध्ये बँकेचं नाव टाकतो तेव्हा इंटरनेट प्रोव्हायडरचा रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर, बँकेच्या नेमसर्व्हरला, म्हणजे तिच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला, आयपी विचारतो आणि आलेलं उत्तर कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवून देतो. हे सगळं चालतं यूडीपीवर, ही आधी जोडणी न करता नुसती पाकिटं पाठवायची पद्धत, तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही खोटा टाकू शकतं. मग उत्तर खरं की खोटं हे कसं ओळखायचं? तर प्रश्नासोबत गेलेला 16 बिटांचा आयडी उत्तरात जुळला पाहिजे. म्हणजे 65,536 शक्यता. तेव्हाचे बरेच सर्व्हर प्रश्न पाठवायला पोर्टही (ज्या क्रमांकाच्या दारातून प्रश्न जातो आणि उत्तर येतं तो) ठरलेलाच वापरायचे, त्यामुळे अंदाज लावायचा तो फक्त या आयडीचा, आणि जुळणारं उत्तर जे आधी पोचेल ते खरं!

हे कच्चं आहे हे माहीत होतं, पण सगळे टीटीएलच्या, म्हणजे उत्तर कॅशेत किती वेळ ठेवायचं त्या मुदतीच्या, भरवशावर होते. खरं उत्तर एकदा कॅशेत बसलं की मुदत संपेपर्यंत रिझॉल्व्हर परत विचारत नाही, म्हणजे हल्ला करणाऱ्याला चान्स मिळणार कधीतरी एकदाच. कामिन्स्कीने नेमकं इथेच बोट ठेवलं. तो म्हणाला खरं नाव कशाला विचारायचं, त्याच डोमेनखालची अस्तित्वातच नसलेली नावं विचारा, एकामागून एक, ती कॅशेत नसणारच, त्यामुळे रिझॉल्व्हरला दर वेळी बाहेर जावं लागणार आणि दर वेळी नवी शर्यत लागणार. आणि खोट्या उत्तरात लिहायचं की हे नाव मला माहीत नाही, अमुक नेमसर्व्हरला विचार, हा घे त्याचा आयपी. नेमसर्व्हर त्याच डोमेनमधला म्हणून रिझॉल्व्हरला संशय येत नाही, आयपी मात्र चोराचा. एकदा जुळलं की एखादं नाव नाही, अख्खं डोमेन हातात. काही सेकंदांत.

त्याने हे विकलं नाही, मिरवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. डीएनएसमधला जुना जाणकार पॉल व्हिक्सीला सांगितलं, मार्चमध्ये रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या कॅम्पसवर मोजकी 16 माणसं जमली, आणि 8 जुलै 2008 ला मोठमोठ्या सॉफ्टवेअर व्हेंडरांनी एकाच दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढले. तपशील मात्र ऑगस्टच्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेपर्यंत गुप्त टिकले नाहीत, 21 जुलैलाच फुटले.

पॅच काय होता, तर पोर्टही रँडम करायचा, जे डॅन बर्नस्टाइनच्या डीजेबीडीएनएस या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होतं. शक्यता हजारोपट वाढल्या हे खरं, पण भरवसा अजूनही अंदाज चुकण्यावरच ना! त्याच ऑगस्टमध्ये एवगेनी पोल्याकोव्ह नावाच्या रशियन फिजिसिस्टने गिगाबिट नेटवर्कवर पॅच केलेला बाइंड (हेही एक डीएनएस सॉफ्टवेअर) सर्व्हर सुमारे 10 तासांत फसवून दाखवला. काही नॅट राउटर (अनेक मशिनांना एकाच पत्त्यामागे ठेवणारे) तर रँडम केलेले पोर्ट परत ओळीने लावून टाकायचे, म्हणजे पॅच असून नसल्यासारखा. आणि 2020 मध्ये सॅड डीएनएस नावाचा हल्ला आला, त्यात आयसीएमपीच्या (नेटवर्कवरच्या एररच्या निरोपांच्या) रेट लिमिटवरून पोर्ट ओळखता येत होता, की परत उरला फक्त तो 16 बिटांचा आयडी.

साइटची ओळख सर्टिफिकेटने पटवणारं एचटीटीपीएस आहे ना, असं बरेच जण म्हणतात. आहे, आणि खोटी साइट बऱ्याचदा त्यामुळेच पकडली जाते, पण साधं डोमेन व्हॅलिडेशनवालं सर्टिफिकेट देताना डोमेन तुमचंच आहे हे तपासतात ते डीएनएस बघूनच, आणि पासवर्ड रिसेटची मेल कुठल्या सर्व्हरवर जाणार तेही डीएनएसच ठरवतं.

माझ्या मते खरा इलाज डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत, उत्तरावर सहीच असली की अंदाजाने काही जमत नाही. जुलै 2010 मध्ये रूट झोनवर, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, सही झाली, कामिन्स्की त्या रूट कीच्या विश्वस्तांपैकी एक होता. 2021 मध्ये तो गेला, फक्त 42 वर्षांचा होता, आणि आजही कितीतरी डोमेन सहीशिवायच चालू आहेत. तुमचं स्वतःचं डोमेन असेल तर आजच रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये जाऊन डीएस रेकॉर्ड (डोमेनची सही वरच्या पायरीशी जोडणारी नोंद) आहे का बघा, आणि ऑफिसचा रिझॉल्व्हर तुमच्याकडे असेल तर त्यात डीएनएससेकचं व्हॅलिडेशन, म्हणजे सह्यांची तपासणी, चालू आहे का तेही बघा, कारण सही कुणी तपासतच नसेल तर ती करून उपयोग शून्य.