एमजीएचा रेडिएटर आणि उसगावचा डाख

जुन्या गाडीचा पितळी रेडिएटर गळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: अ‍ॅल्युमिनियमचा नवा मागव, बसव, मोकळी हो. मला तो सल्ला पटला नाही. का पटला नाही, ते सविस्तर लिहिते, कारण गोव्यात अशा गाड्या अजून बऱ्याच घरांत आहेत.

आमची गाडी १९५८ ची एमजीए, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १४८९ सीसीची. आजोबांनी पोर्तुगीज अमलात घेतली, मुरगाव बंदरात उतरली. लोहखनिजाच्या व्यापाराने तेव्हा गोव्यात पैसा खेळत होता आणि परदेशी गाड्यांना मज्जाव नव्हता. पुढे ती मिरामारला काकांकडे गेली आणि वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. आता ती माझ्याकडे, डिचोलीत आहे.

थेंब खाली दिसला म्हणजे रेडिएटरच गेला असं नसतं. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं आणि पंख्याच्या वाऱ्याने कुठेही उडतं. होज पाईपची क्लिप सैल असली तरी तसंच. म्हणून आधी सगळं कोरडं पुसलं, इंजिन गरम केलं आणि टॉर्च घेऊन बघत बसले. रेडिएटरची खालची टाकी कोअरला, म्हणजे मधल्या नळ्यांच्या जाळीला, जिथे जोडली आहे तिथे हिरवट-पांढरी खपली होती आणि तिच्याखालून ओल फुटत होती. तांबं-पितळ आतून झिरपायला लागलं की ही खपली धरते. शंका उरली नाही.

काढायला रेडिएटर अवघड नाही. एमजीएचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, भाचा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, सहज उचललं. पाने मात्र इंची लागतात. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेरा मिलिमीटरचा पाना चढतो, पण किंचित सैल बसतो, आणि गंजलेल्या बोल्टची डोकी त्यानेच गोल होतात. टेंपरेचर काट्याची बारीक नळीही जपावी लागते. ती दुमडली तर काटा कायमचा गेला. इंजिनच्या ब्लॉकवरची पाणी सोडायची तोटी उघडली तरी थेंब आला नाही, आत गंजाचा चिखल बसला होता. तारेने टोचल्यावर तांबडं पाणी आलं.

रेडिएटर हातात घेतला तर पुढच्या फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, बोट लावताच भुकटी होऊन पडत होत्या. समुद्राजवळच्या गाड्यांचं हे दुखणंच आहे. नळ्या शाबूत दिसल्या तरी फिन गेल्या की उष्णता बाहेर टाकायला काही उरत नाही.

तो घेऊन उसगाव-तिस्कला गेले. खाणींचे ट्रक जोरात होते तेव्हा या पट्ट्यात रेडिएटरवाल्यांना उसंत नसायची. लाल धुळीने कोअर चोंदायचे, ट्रक रांगेत उभे असायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केली आणि हाताला कौशल्य असलेले कितीतरी कारागीर दुसऱ्या कामांना लागले. मी ज्यांच्याकडे गेले ते मिस्त्री टिकून आहेत. त्यांनी वरची टाकी बोटाने वाजवली आणि म्हणाले, "बाय, कोअर गेला. पण टाक्या सोडू नका. असलं पितळ आता मिळत नाही."

मग मी तिथेच बसून राहिले. बत्तीच्या जाळावर जुना डाख, म्हणजे सांधा जोडणारा मऊ धातू, वितळला आणि टाकी अलगद सुटली. वरच्या टाकीच्या तळाशी पिवळा गाळ होता. मिस्त्रींनी वास घेतला आणि लगेच सांगितलं: हळद. गळती थांबवायला ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात, ती भेगेत फुगून बसते. वाटेत अडकल्यावर घरापर्यंत आणते हे खरं, पण तीच पुढे नळ्या बुजवते. आमच्या निम्म्या नळ्या तिने आणि गंजाने मिळून बंद केल्या होत्या.

मुंबईहून मापाचा तांब्याचा कोअर मागवला. तो आल्यावर टाक्या घासून, नवसागर लावून, कथलाचा डाख दिला. डाख कुठे धावतो आणि कुठे थबकतो हे मिस्त्री रंगावरून ओळखतात. शेवटी तोंडं बंद करून, हवा भरून, पाण्याच्या हौदात बुडवला. एकही बुडबुडा नाही. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण त्याला उद्या भेग गेली तर उसगावच्या बत्तीवर ती बुजणार नाही. तांब्याला दहा वर्षांनीही डाख देता येईल. माझ्यासाठी प्रश्न इथेच संपला.

नवा कोअर घाणेरड्या ब्लॉकला जोडणं म्हणजे पैसे वाया. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने पाणी सोडलं, ते नितळ येईपर्यंत. आमच्या विहिरीच्या पाण्यात जांभ्याचं लोह उतरतं, म्हणून भरताना डिस्टिल्ड पाणीच वापरलं. त्यात एक तृतीयांश जुन्या पद्धतीचं, पितळ आणि डाखाला चालणारं कूलंट. इथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारतात. ते गंज रोखायला हवं. थर्मोस्टॅट ८२ ऐवजी ७४ अंशांचा, उष्ण हवेसाठीचा.

रेडिएटरच्या झाकणाकडे, म्हणजे कॅपकडे, कुणी लक्ष देत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. या गाडीला ७ पौंड दाबाची, लांब गळ्याची कॅप लागते. बाजारात सहज मिळणारी आखूड कॅप वरून घट्ट लागते, पण तिचं खालचं रबर आतल्या कडेला टेकतच नाही. मग दाब धरत नाही आणि पाणी १०० अंशांनाच उकळतं. बरोबर कॅपने तीच मर्यादा सुमारे १११ अंशांवर जाते. चढावर हे अकरा अंश फार मोलाचे.

चाचणी चोर्ला घाटात घेतली, भर दुपारी, केरीपासून वर. फॅरनहाइटचा काटा सपाटीला १७० च्या आसपास होता, चढावर १९० ला टेकला आणि तिथेच थांबला. वर पोहोचल्यावर इंजिन चालू ठेवून खाली वाकून सगळे सांधे हाताने तपासले. कोरडे होते.

तुमच्याकडे हेराल्ड, जुनी फियाट, काहीही असो, पितळी टाक्यांचा रेडिएटर माळ्यावर पडला असेल तर भंगारात घालू नका. उसगावला अजून काम घेतात, आणि त्या मिस्त्रींच्या हाताखाली सध्या एक मुलगा डाख द्यायला शिकतो आहे. त्याला काम मिळत राहायला हवं.